खड्डा, डावीकडे

एकाच इमारतीत वर-खाली राहूनही तावड्यांची आणि माझी ओळख जिन्यातल्या ‘काय, कॉलेज?’ आणि ‘हो, कॉलेज’ एवढ्यावरच थांबलेली होती. मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि वर्तकनगरातल्या आमच्या इमारतीत माझ्या डोक्यावरचा मजला तावड्यांचा. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी मला गोळ्या किंवा व्यायाम असे दोन पर्याय दिले. मी सायकल घेतली. ती जिन्यातून उतरवताना तावड्यांनी पाहिली, म्हणजे सायकल पाहिली, माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सीट दोन बोटं वर केली, टायर अंगठ्याने दाबून बघितले आणि म्हणाले, "रविवारी पहाटे गेटवर या." येणार का, असं विचारलं नाही.

त्या रविवारी भिवंडीच्या रस्त्यावर, त्यांच्या सायकल ग्रुपच्या सगळ्यांसमोर, त्यांनी मला पहिल्यांदा झापलं.

रांगेत सायकल चालवायची म्हणजे काय, हे ज्यांनी चालवली नाही त्यांना सांगायला हवं. पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालवायची. वारा तो कापतो, आपले पाय वाचतात. पण मग आपल्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याचं चाक आणि पाठ तेवढी दिसते. म्हणून सगळ्यात पुढे जो असतो त्याने रस्ता बघायचा आणि ओरडून सांगायचं, खड्डा, खडी, कुत्रा, गाडी. सोबत हात खाली करून कोणत्या बाजूला तेही दाखवायचं. त्याच्या मागच्याने ते तसंच मागे पोचवायचं, असं शेवटच्यापर्यंत. तर माझ्यापर्यंत खड्डा आला आणि मी मागे वळून अदबीने म्हटलं, "खड्डा आहे हं इथे."

तावडे सगळ्यात पुढे होते. कसं ऐकलं कोण जाणे. मूठ वर करून त्यांनी सगळी रांग थांबवली आणि सायकल हातात धरून माझ्यापर्यंत चालत आले.

"मॅडम, हळदीकुंकवाला बोलावताय काय?"

मी एक पाय टेकवून उभी.

"मागे माणूस आहे. त्याला तुमच्या चाकापलीकडे काही दिसत नाही. तुम्ही लाजलात तर तो दात पाडून घेईल. मोठ्याने ओरडायचं."

मग मी ओरडायला शिकले. कॉलेजात माझा आवाज वाढल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं, घरात तर आलंच.

तावडे तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. बांधा काटकुळा, पोटऱ्या मात्र दुसऱ्याच कुणाच्या बसवल्यासारख्या. मूळचे देवगडकडचे, पण सगळं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये गेलेलं. एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायचं काम होतं त्यांच्याकडे. हातातला भाग उजेडात धरायचा, फिरवायचा, चरा दिसला की बाजूला टाकायचा. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांना म्हणे आठवडाभर झोप लागली नाही आणि मग मुलाची जुनी सायकल पोटमाळ्यावरून खाली आली. मुलगा तोवर परदेशात. आमच्या ग्रुपमध्ये ज्याला काय म्हणावं ते कळत नाही त्याला सगळे ‘सर’ म्हणतात, तसे तेही सर झाले. कुणी काका म्हटलं की वैतागायचे. "काका म्हटलं की दोनचा स्पीड कमी होतो माझा," म्हणायचे.

त्यांच्या खिशात उकडलेले बटाटे असत, मीठ लावून प्लास्टिकच्या पिशवीत भरलेले. आम्ही परदेशी पाकिटातली गोड पेस्ट चोखायचो तेव्हा ते आमच्याकडे दयेने बघत. चहाला थांबल्यावर सगळ्यांच्या सायकली कुठे टेकवल्यात ते बघून येत आणि एखादी चुकीच्या बाजूने टेकवली असेल तर उचलून फिरवून ठेवत, काही न बोलता. बरोबर सातला, कुठेही असलो तरी, "आलो" म्हणून झाडामागे जात. आम्ही जे समजायचं ते समजायचो आणि केतन घड्याळ लावायचा त्यावर.

आणि रस्ते. ठाण्यापासून मुरबाडपर्यंतचे खड्डे त्यांना पाठ होते, नावानिशी. कोनगावचा म्हातारा, शहाडच्या पुलाखालची जुळी, गोवेलीच्या अलीकडे एक होता त्याला ते साडू म्हणत, कारण तो दर वर्षी नेमाने येतो आणि जायचं नाव घेत नाही. अंधारात, धुक्यात, कसंही असो, खड्डा यायच्या आधी तावड्यांचा हात खाली गेलेला असायचा. आम्हाला त्याचं फार कौतुक होतं.

त्यांना सहाशे करायचं होतं. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांमध्ये ही एक रीत आहे. वर्षात दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या फेऱ्या ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या. शर्यत नाही, बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. सहाशेला चाळीस तास मिळतात आणि त्यात झोपायचं, खायचं, पंक्चर काढायचं सगळं आलं. तावड्यांचे दोनशे, तीनशे, चारशे कधीच झाले होते. सहाशे मात्र त्यांना झुलवत होतं. पहिल्यांदा माळशेज चढून नगरच्या बाजूला उतरल्यावर पोट बिघडलं. त्याचा ते किस्सा करून सांगत, अगदी अभिनयासकट, आणि हसून आमची पोटं दुखत. दुसऱ्यांदा काय झालं ते नीट सांगितलं नाही. रात्र पडल्यावर वेग पडला, म्हणाले, लाइट कमी पडला.

मग त्यांनी लाइट बदलला. मग आणखी मोठा घेतला. मग हेल्मेटवर एक, हँडलवर दोन. मीनावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जिन्यात मला म्हणाल्या, "सुजाता, यांची सायकल बघितलीस? गणपतीची मिरवणूक निघाल्यासारखी दिसते." मी हसले. त्या हसल्या नाहीत, हे मला नंतर आठवलं.

केतन डोंबिवलीचा. कॉम्प्युटरवर काम करणारा, तिशीतला. तो कल्याणला दुर्गाडीपाशी आम्हाला येऊन मिळायचा. आला तेव्हा नुसता जोर होता अंगात, रांगेत कसं राहायचं ते ठाऊक नव्हतं. तावड्यांनी त्याला घडवलं, दुसरा शब्द नाही. दर रविवारी स्वतःच्या मागे घ्यायचे, चाक कुठे ठेवायचं, ब्रेक कसा दाबायचा नाही, चढावर बोलायचं कसं आणि उतारावर गप्प कसं राहायचं, सगळं शिकवायचे. केतनचे वडील लवकर गेलेले. तो हे कधी बोलला नाही, पण तावड्यांची पाण्याची बाटली तोच भरून आणायचा. एकदा मुरबाडला मिसळ खाताना तो म्हणाला, "सर पुढे असले ना, की मी रस्ता बघतच नाही. डायरेक्ट त्यांचं चाक. डोकं एकदम शांत होतं."

तावडे तेव्हा पाव मोडत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

त्या पावसाळ्याआधी एक गंमत झाली, म्हणजे आम्हाला तेव्हा गंमत वाटली. गोवेलीच्या अलीकडे नवं डांबर पडलं होतं, रस्ता काळा कुळकुळीत. आम्ही त्यावरून सुसाट निघालो आणि पुढून तावडे ओरडले, "खड्डा, उजवीकडे." हातही खाली गेला. मागच्या सगळ्यांनी सवयीने तेच ओरडून पोचवलं. खड्डा नव्हताच. साडू बुजवून टाकला होता.

"सर, गेला तो," केतन हसत म्हणाला. "बुजवला. कुठे बघताय?"

"होता इथे," तावडे म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला तो त्यांचा वाटला नाही. मग तेही हसले. पुढचा महिनाभर कुणीही सपाट रस्त्यावर ‘साडू, उजवीकडे’ असं ओरडायचं आणि सगळे खिदळायचे. तावडेसुद्धा.

पाऊस संपत आला होता. एका रविवारच्या सकाळी आम्ही मुरबाड रस्त्याला होतो, तावडे पुढे, त्यांच्या मागे केतन, मग मी. रायत्याचा पूल ओलांडून पुढे गेलो. उजाडलं होतं, ऊन नव्हतं, रस्ता कोरडा होता. केतन त्या वर्षी पहिल्यांदा सहाशेला नाव देणार होता आणि गुरु-चेल्याने एकत्र जायचं असा बेत ठरला होता. तावडे छान लयीत होते. ओळीने सगळे जुने खड्डे सांगत होते, हात खाली, हात वर.

आणि केतन माझ्यासमोरून नाहीसा झाला. म्हणजे सायकल थांबली आणि तो पुढे गेला. मी कशी वाचले ते मला सांगता येणार नाही, मी कडेच्या गवतात शिरले एवढं आठवतं. केतन रस्त्यावर पडला होता आणि खांदा धरून अजिबात ओरडत नव्हता, ते जास्त भीतिदायक होतं.

तावडे वळून आले. सायकल टाकून धावतच आले. "काय झालं? कशाने?"

"खड्डा," मी म्हटलं.

"कुठे खड्डा?"

मी बोट दाखवलं. डाव्या कडेला, त्यांचं स्वतःचं चाक जिथून वीतभर अंतरावरून गेलं होतं तिथे, घंगाळ बसेल एवढा खड्डा होता. त्या पावसातला, नवा कोरा. तावडे तिथे उभे होते आणि पूर्ण मान वळवली तेव्हाच त्यांना तो दिसला. आधी त्यांनी डोकं वळवलं, मग आणखी वळवलं आणि मग ते थबकले. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्या क्षणी मला कळला नव्हता.

कल्याणच्या हॉस्पिटलात केतनच्या खांद्याचं, कॉलर बोन म्हणतात ते हाड मोडलं असल्याचं सांगितलं. ऑपरेशन लागणार होतं. डोंबिवलीहून त्याची आई आली, घरातल्या साडीवर तशीच. कॉरिडॉरमध्ये सगळे रस्त्यांना शिव्या देत होते. कॉन्ट्रॅक्टर, पाऊस, निवडणुका, कुणालाही सोडलं नाही. केतनच्या आईने तावड्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही होता म्हणून बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "तो घरी पण सांगतो, सर असले की टेन्शन नसतं."

तावड्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी चहा आणायच्या निमित्ताने तिथून निघून गेले.

त्यांनी ते दोन आठवडे पोटात ठेवलं आणि मग एका सकाळी सगळ्यांना उपवनला तलावापाशी बोलावलं. सायकली न आणता, असं कळवलं होतं. केतन हात गळ्यात अडकवून आला होता. चहा आला. तावड्यांनी घेतला नाही. ते उभे राहिले, शाळेत उभं करतात तसे.

"मला काचबिंदू आहे," ते म्हणाले. "डाव्या बाजूचं जवळजवळ काही दिसत नाही. उजवीकडच्याही कडा गेल्यात. समोरचं दिसतं. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायला थेंब आहेत. सातला घालतो."

झाडामागे ते कशासाठी जात होते, ते तेव्हा कळलं. कुणी हसलं नाही.

"पण तुम्ही तर सगळे खड्डे..." कुणीतरी म्हणालं.

"पाठ आहेत," तावडे म्हणाले. "बघून नाही सांगायचो. आठवून सांगायचो."

केतन इतका वेळ चहाच्या ग्लासाकडे बघत होता. त्याने मान वर केली.

"कधीपासून सर?"

"दीड वर्ष होईल."

"म्हणजे कसाऱ्याच्या घाटातून खाली आणलेलं मला, तेव्हा पण?"

"हो."

"मी तुमच्या चाकावर होतो. मी ब्रेकवरचे हात काढलेले होते सर. मी रस्ता बघत नव्हतो."

"माहिती आहे."

"मग सांगितलं का नाही?"

तावडे म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही मला मागे घातलं असतं." एवढंच. बाकी सगळी कारणं त्यांना देता आली असती आणि आम्ही ती घेतलीही असती. केतन उठला. डाव्या हाताने खुर्ची मागे सारायला त्याला वेळ लागला आणि तेवढा वेळ कुणालाच कुठे बघावं कळेना. मग तो गेटकडे चालत गेला. तावडे त्याच्या दिशेने बघत उभे होते, पण तो डावीकडून गेला. त्यांना किती दिसला कोण जाणे.

मला तावड्यांचा राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या रांगेत मीही होते. माझंही घर आहे, माझीही हाडं आहेत. पण रोज डोक्यावर त्यांची पावलं ऐकू येत होती आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाचा राग फार दिवस टिकत नाही.

ती पावलं थांबली आणि त्या जागी एक घुमणारा आवाज सुरू झाला. तावड्यांनी बाल्कनीत सायकल स्टँडवर चढवली होती, मागचं चाक रोलरवर, जागच्या जागी फिरणारं. पहाटे सुरू व्हायचा तो आवाज, दूधवाला येऊन जायचा, पेपर पडायचा, तरी चालूच. मी एकदा वर गेले. वहिनींनी दार उघडलं. बाल्कनीत तावडे ग्रिलकडे तोंड करून पेडल मारत होते, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांकडे बघत. घाम टपकत होता. मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

वहिनींनी चहा केला. मग मला दिसलं की त्या घरात सगळं उजवीकडे होतं. टीपॉय खुर्चीच्या उजवीकडे, पाण्याचा तांब्या उजवीकडे, दिव्याचं बटण उजव्या भिंतीवर नव्याने बसवलेलं. डाव्या बाजूला काही म्हणजे काही नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी ग्लास फुटायला लागले," वहिनी म्हणाल्या. "सारखे डाव्या हाताने उडवायचे. मी विचारलं नाही. एकेक वस्तू सरकवत गेले. ते डॉक्टरकडे गेलेले मला औषधाच्या वासाने कळलं."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"त्यांना वाटत होतं मला ठाऊक नाही. मला वाटलं, राहू दे, तेवढंच त्यांचं काहीतरी असू दे." त्यांनी पदराने कप पुसला, जो आधीच पुसलेला होता. "चुकलंच माझं. त्या पोराचा खांदा गेला."

सहा-सात महिन्यांनी कळलं की तावड्यांनी सहाशेला नाव दिलंय.

मी धावतच वर गेले. वहिनी डाळ निवडत होत्या. मी म्हटलं, अहो, हे काय. रात्री घाटात काय करणार आहेत ते. तुम्ही अडवा. वहिनी म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही," आणि डाळ निवडत राहिल्या. इतक्या शांत होत्या की मला त्यांचाही राग आला. संध्याकाळी तावडे जिन्यात भेटले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मॅडम, सुरुवातीला थोडं सोबत याल? माझ्या मागे राहा. मागे कुणी असलं की बरं वाटतं."

मी गेले. नाही कशी म्हणणार होते.

माजिवड्याच्या पेट्रोल पंपावर पंधरा-वीस जण जमले होते, अंगावर चमकणारी जाकिटं, सायकलींवर नंबर. उजाडत होतं. आणि केतन तिथे होता. त्याचाही नंबर लागलेला होता, म्हणजे तोही सहाशेला निघाला होता. सरळ आमच्याकडे आला. तावड्यांना नमस्कार केला नाही.

"मी पुढे राहतो," तो म्हणाला. "शेवटपर्यंत. तुमच्या स्पीडने."

"तुझं टायमिंग जाईल."

"जाऊ दे."

तावडे हेल्मेटचा पट्टा लावायला बाजूला झाले तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "ताई, मी विसरलेलो नाहीये काही. अजून रात्री खांदा ठणकतो. पण हा माणूस एकटा घाटात जाणार आणि मी घरी झोपणार, असं नाही जमत मला."

आम्ही निघालो. बाकीचे झपाट्याने पुढे गेले, आमची तिघांची रांग मागे राहिली, केतन, तावडे, मी. कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा. त्या रस्त्यावर केतनला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खड्डा डावीकडे, खड्डा उजवीकडे, खडी, मधे खड्डा, रिक्षा थांबतेय. इतकं तर तावडेसुद्धा कधी ओरडले नव्हते. आणि प्रत्येक वेळी तावड्यांचा हात खाली जायचा, त्या बाजूला बोट करायचा आणि ते ओरडायचे, "खड्डा, डावीकडे." त्यांना तो दिसत नव्हता. मला दिसत होता, मी त्यांच्या चाकापासून थोडं अंतर ठेवून होते, हे त्यांना कळलं असणार. तरी एकही खड्डा त्यांनी माझ्यापर्यंत पोचवायचा सोडला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चष्म्यामुळे पुसताही येईना.

कल्याण गेलं, शहाड गेलं. ऊन वर आलं. रायत्याच्या पुलावर चढलो तेव्हा खाली नदीला भरपूर पाणी होतं. पुलाच्या मध्यावर तावड्यांनी उजवी मूठ वर केली. थांबण्याची खूण. मी ब्रेक दाबले. ते सावकाश कडेला आले, पाय टेकवला.

थांबताना ओरडायचं, पुढच्याला आणि मागच्यालाही, हा त्यांचाच नियम. आमच्याकडून त्यांनी तो घोटून घेतला होता. ते ओरडले नाहीत. मी तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

केतन पुढे चालला होता. मान खाली, लयीत. पुलावरून उतरला. "खड्डा, डावीकडे," त्याचा आवाज आला, मागे न बघता त्याने हात खाली केला. जरा वेळाने पुन्हा आला, आणखी बारीक. पुढे ट्रक आडवा आला आणि तो दिसेनासा झाला, तरी आवाज येत होता.

"अजून ओरडतोय," तावडे म्हणाले.

"त्याला कळेल ना सर. तो वळून येईल."

"गोवेलीला कळेल. मग मी फोनवर सांगेन. तिथून वळला तर त्याचं सहाशे गेलं, म्हणजे मग नाही वळणार." त्यांनी हेल्मेटखालून घाम पुसला. "माझ्या स्पीडने आला असता तर दोघांचंही गेलं असतं. आणि रात्री पडलो असतो मी. तोच उचलत बसला असता."

"हे आधीच ठरवलेलं होतंत?"

"मीनाला सांगून आलोय, जेवायला घरी आहे म्हणून. नंबर लावून एकदा निघायचं होतं, तेवढंच."

त्यांनी हँडलवरचा नंबर सोडवला, घडी घातली आणि बटाट्यांच्या पिशवीत ठेवला. सात वाजून गेले होते. मग झाडामागे वगैरे न जाता, पुलावर माझ्यासमोर, त्यांनी खिशातून बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. बराच वेळ तसेच आकाशाकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. थेंब गालांवरून खाली आले. सगळे थेंबच नव्हते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. इतकी वर्षं मी त्यांची पाठच बघत आले होते. तो चेहरा मी त्या दिवशी नीट पाहिला आणि तोच माझ्याकडे राहिलाय. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते दोघं देवगडला गेले. आता वरच्या मजल्यावर कुणी दुसरेच राहतात, पावलं न वाजवणारे.

केतनचा आवाज एव्हाना थांबला होता, किंवा ऐकू येत नव्हता. तावड्यांनी सायकल कल्याणच्या दिशेने फिरवली. मी सवयीने त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"इकडे कुठे?" ते म्हणाले. "तुम्ही पुढे."

मी पुढे झाले. मागे बघायचं नाही, बघितलं की हँडल वळतं, हेही त्यांनीच शिकवलेलं. पूल संपता संपता पहिला खड्डा आला. मी कसाबसा हात खाली केला आणि पुटपुटले, "खड्डा."

मागून आवाज आला, "मॅडम, हळदीकुंकू आहे काय?"

मी ओरडले. पुलाखाली धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं, इतक्या मोठ्याने ओरडले, आणि मागून तावड्यांनीही तेच तसंच ओरडून मागे पोचवलं, जिथे कुणीच नव्हतं.